पडद्यावर सगळं ठीक, तरी छाती धडधडते

सप्रेम नमस्कार,

मी नागपूरला एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. वय ३३. नोकरीला आठ वर्षं झाली, त्यातली चार एरिया रडारवर. मे महिन्यात एका दुपारी ढग उठले होते आणि चार-पाच वैमानिक एकदमच डावी-उजवीकडे वळायची परवानगी मागत होते. त्या गडबडीत पश्चिमेला जाणाऱ्या एका विमानाला मी ३४० लेव्हल (३४,००० फूट उंची) दिली. वैमानिकाने ती ३५० म्हणून परत वाचली आणि माझ्या लक्षातच आलं नाही. ३५० वर समोरून दुसरं विमान येत होतं. अलार्म लागला, मी दोघांनाही वळवलं, तरी अंतर पाच मैलांच्या खाली गेलंच. कुणाला काही झालं नाही. मला रोस्टरवरून काढलं, चौकशी झाली, सिम्युलेटरवर ट्रेनिंग झालं आणि दीड महिन्याने पोझिशन परत मिळाली.

त्यालाही आता तीन महिने झाले. पण मी पूर्वीची राहिले नाही. ट्रॅफिक थोडं असलं तरी छाती धडधडते. पडद्यावर विमानाशेजारचं प्रत्येक लेबल पुन्हा पुन्हा बघते, वैमानिकांना दोन-दोनदा लेव्हल विचारते. आमचं चक्र दुपार, सकाळ, नाइट, मग ऑफ असं चालतं. नाइट करून आले की झोप लागत नाही, डोळे मिटले की तोच अलार्म कानात वाजतो. घरी सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा आहे. दिवसा झोपायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. मुलावर उगाच ओरडते आणि मग रडू येतं. एका सहकाऱ्याने झोपेची गोळी सुचवली आहे. डॉक्टरकडे गेले तर माझं मेडिकल, म्हणजे कामासाठीचं फिटनेस सर्टिफिकेट, जाईल का? की सरळ बदली मागू?

— एक कंट्रोलर, नागपूर

.

नमस्कार,

बदलीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण आमचं लक्ष मधल्या एका वाक्यावर अडलं: ‘प्रत्येक लेबल पुन्हा पुन्हा बघते.’ तुम्ही ते भीतीचं लक्षण म्हणून लिहिलंय. आमच्या मते आज तुमच्या कामाला सगळ्यात मोठा धोका तिथूनच आहे. झोप, मेडिकल, बदली या सगळ्यावर बोलूच, पण त्याआधी चॅनलवर, म्हणजे प्रत्यक्ष पोझिशनवर बसल्यावर, काय बदलायचं ते पाहू.

मेमधल्या त्या दुपारचा हिशेब एकदा नीट मांडू या. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी मिनिटाला साधारण आठ मैल कापतात. दोघांमधलं अंतर मिनिटाला सोळा मैलांनी कमी होतं. म्हणजे नियमातले पाच मैल हे जेमतेम १९ सेकंद असतात. अशा वेगात तुम्ही अलार्म पाहिलात, दोन्ही विमानं ओळखलीत आणि दोघांनाही वळवलंत. तुमचे हात गोठले नव्हते, हे चौकशीच्या कागदात कदाचित एका ओळीत आलं असेल. तुम्ही मात्र ते विसरू नका.

चूक कुठे झाली? रीडबॅक, म्हणजे वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो ती, ऐकताना. आपण ३४० म्हटलेलं असतं, कानाला ३४० च ऐकायचं असतं, आणि मन तोवर पुढच्या वैमानिकाच्या मागणीकडे गेलेलं असतं. त्यामुळे आलेले शब्द कानावर पडतात, पण तपासले जात नाहीत. जगभरच्या कंट्रोल रूममध्ये ही चूक होते आणि चांगल्या कंट्रोलरकडूनही होते. ‘आणखी लक्ष देईन’ असा निश्चय करून ती टळत नाही. ती हाताला लावलेल्या सवयीने टळते. लेव्हल देता देताच ती सिस्टिममध्ये टाका किंवा स्ट्रिपवर (विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) लिहा. रीडबॅक सुरू झाली की बोट किंवा पेनचं टोक त्या आकड्यावर ठेवा आणि एकेक अंक जुळवा: तीन, चार, शून्य. वैमानिकाचं वाक्य संपेपर्यंत फोन उचलायचा नाही, दुसऱ्या लेबलवर जायचं नाही, शेजारच्याला मान हलवूनही उत्तर द्यायचं नाही. दोन-तीन सेकंदांचं काम आहे, पण ते मोडायचं नाही असं ठरवूनच बसा.

आता पुन्हा पुन्हा बघण्याबद्दल. आठ वर्षांच्या कामाने तुमच्या नजरेला एक लय लागली आहे. कुठे क्रॉसिंग होणार, कोण कुणाला गाठणार, हे डोळ्यांना आपोआप कळतं. सायकल येणाऱ्याने पायडलकडे बघत सायकल चालवायला घेतली की तोल जातो, तसं तुमचं झालंय. जे आपोआप होत होतं ते तुम्ही पायरी-पायरीने मुद्दाम करायला लागलात. त्यात नजर एकाच जोडीवर चिकटते आणि सेक्टरचा, म्हणजे तुमच्या वाट्याच्या हवाई हद्दीचा, दुसरा कोपरा मिनिटभर कुणीच बघत नाही. शिवाय प्रत्येक जादा ‘कन्फर्म लेव्हल’ फ्रीक्वेन्सीचे पाच-सात सेकंद खातं. गर्दीच्या वेळी तेवढ्यात दोन वैमानिक एकमेकांवर बोलतात, दोघांचंही ऐकू येत नाही, आणि पुन्हा विचारावं लागतं. जास्त काळजी घेताना तुम्ही स्वतःसाठीच जास्त ट्रॅफिक तयार करताय.

उपाय असा. शंका आली की बघायचं हे सोडा आणि ठरलेल्या फेरीनेच बघा. सेक्टरची एक सीमा पकडा, समजा उत्तरेची, आणि तिथून घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण फेरी. प्रत्येक विमानाजवळ तीनच गोष्टी: लेव्हल, पुढचा मार्ग, आणि त्याच लेव्हलला त्याला छेदणारं कुणी आहे का. फेरीत कॉल आला तर उत्तर द्या आणि जिथे थांबलात तिथूनच पुढे जा. कुठे थांबलो ते आठवत नसेल तर सुरुवातीपासून. लेव्हलची पडताळणी पहिल्या संपर्कातच होते. वैमानिकाने सांगितलेली आणि पडद्यावरची लेव्हल आरव्हीएसएममध्ये, म्हणजे लेव्हलमधलं अंतर १००० फुटांवर आणलेल्या उंचावरच्या हद्दीत, २०० फुटांच्या आत जुळली की बरोबरची खूण करा. त्या खुणेचा अर्थ, हे काम झालं. नंतर मनात हूल उठली की वैमानिकाला विचारायचं नाही, खुणेकडे बघायचं. लेबलवर आकडा खरोखर हलताना दिसला तरच विचारायचं. पहिले काही दिवस न विचारल्याने छाती आणखी धडधडेल. ती दोन-तीन मिनिटं तशीच जाऊ द्या, विचारून शांत करू नका. सुरुवात कमी ट्रॅफिकच्या तासांत करा, गर्दीत नको.

हे जमतंय का ते मोजताही येतं. रेकॉर्डिंग किमान ३० दिवस जपलेली असतात. वॉच सुपरवायझरी ऑफिसरांना, म्हणजे तुमच्या डब्ल्यूएसओंना विनंती करून आठवड्यातून एकदा स्वतःच्या अर्ध्या तासाचं प्लेबॅक ऐका. गरज नसताना किती वेळा कन्फर्म विचारलं ते कागदावर रेघा मारून मोजा. बोलण्याचा वेगही ऐका. मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त नको, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात, आणि तणावात तो सर्रास वाढतो. वेग वाढला की ‘से अगेन’ वाढतात आणि चुकीच्या रीडबॅकही वाढतात. रेघा आठवड्यागणिक कमी होताना दिसल्या की विश्वास परत यायला लागतो. कुणी पाठीवर हात ठेवून ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने तो येत नाही.

चॅनलचा ताबा घेताना घाई करू नका. गडबडी बऱ्याचदा पोझिशन बदलल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत होतात, कारण आधीच्या कंट्रोलरच्या डोक्यात असलेलं चित्र तुमच्या डोक्यात अजून उतरलेलं नसतं. हेडसेट लावून पाच मिनिटं नुसतं ऐका. मग हँडओव्हर ठरलेल्या क्रमाने आणि तोंडाने घ्या: कुठलं उपकरण बंद आहे, हवामान काय, कुठली हवाई हद्द बंद आहे, कोणत्या जोड्यांवर लक्ष हवं, शेजारच्या सेक्टरशी काय ठरलंय आणि अजून कळवायचं काय राहिलंय. तुमच्या मनात राहिलेली शंका तिथेच विचारा, संकोच नको. ताबा घेतल्यावर आधीच्या सहकाऱ्याला तीन-चार मिनिटं मागे उभं राहायला सांगा. बस पकडायची घाई असेल तरी सांगा.

ढगांच्या दुपारींबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमची भीती तिथेच रुतलीय. नागपूर देशाच्या मध्यात असल्याने उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मार्ग इथे एकमेकांना छेदतात. तुमच्याशी बोलणाऱ्या अनेक विमानांना इथे उतरायचंच नसतं. एरवी हे मार्ग कुठे छेदतात ते तुम्हाला पाठ असतं. डेव्हिएशन, म्हणजे ढग टाळायला मार्ग सोडून वळणं, सुरू झाली की ते पाठांतर निरुपयोगी होतं, कारण क्रॉसिंग आता भलत्याच ठिकाणी होणार असतं. म्हणून डेव्हिएशन मंजूर करताना तीन गोष्टी विचारा: कोणत्या बाजूला, किती मैल, आणि परत मार्गावर केव्हा. उत्तर लगेच लिहून ठेवा. आडवं अंतर सांभाळायला वैमानिकाने वळायला तयार असावं लागतं, आणि समोर काळा ढग असताना तो तयार नसतो. तेव्हा भरवसा लेव्हलवर ठेवा. छेदणाऱ्या जोड्यांमध्ये १००० फूट आधीच करून ठेवा. गर्दीतून चढणारं-उतरणारं विमान मधल्या सुरक्षित लेव्हलवर थांबवून ठेवलं तर वैमानिक कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आणि मदत दुसऱ्या मागणीला मागा, पाचव्या मागणीला नव्हे. डोकं भरल्यावर मदत मागायलाही डोकं उरत नाही, आणि सेक्टर स्प्लिट करायला, म्हणजे दोन कंट्रोलरमध्ये वाटायला, काही मिनिटं जातातच. वाक्य आधीच ठरवून ठेवा: “सर, दोन डेव्हिएशन आलीत, तिसरं येतंय. शेजारी मदतीला प्लॅनर द्या आणि स्प्लिटची तयारी करा.” हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र विमानतळाजवळ सोनेगावलाच आहे. दुपारच्या ब्रीफिंगला डॉप्लर रडारची ताजी चित्रं मागून घ्या, आणि दोनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग उभे राहताना दिसले तर डब्ल्यूएसओंशी स्प्लिटबद्दल ब्रीफिंगमध्येच बोला.

अलार्मबद्दल एक गोष्ट पक्की ठेवा. वैमानिकाने ‘टीकॅस आरए’ म्हटलं, म्हणजे विमानातल्याच टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने त्याला चढ-उताराचा आदेश दिला, की त्या विमानाला चढ-उतार सांगायचा नाही, वळणही सांगायचं नाही. तो ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणेपर्यंत त्याच्याबाबतीत तुमचं काम फक्त पोच देणं आणि जवळच्या इतर विमानांना सावध करणं. अलार्म ऐकला की तुमच्या पोटात गोळा येतो तो बराचसा ‘आता सगळं माझ्याच हातात’ या भावनेने. तेवढं सगळं कधीच तुमच्या एकटीच्या हातात नसतं.

गर्दी ओसरल्यावरची पंधरा मिनिटं जपा. शरीर सैल पडतं, खुर्ची मागे सरकते, गप्पा सुरू होतात, आणि दोनच विमानं असताना चूक होते. घडून गेलेल्या प्रसंगाची चर्चा रिलीफ मिळाल्यावर, खोलीबाहेर.

सलग दोन तासांपेक्षा जास्त पोझिशनवर बसू नये आणि मग अर्धा तास सुटी घ्यावी, हा अनेक देशांत पाळला जाणारा नियम आहे. आपल्याकडेही डीजीसीएने (नागरी विमान महासंचालनालयाने) वॉच ड्यूटीच्या तासांना मर्यादा घातल्या आहेत. २०२० पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने कंट्रोलरच्या थकव्यासाठी नियम करणं सगळ्या देशांवर बंधनकारक केलंय. हे केवळ कागदी नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनवर दोन विमानं आदळून ७१ जण गेले. तेव्हा तो भाग सांभाळणाऱ्या झुरिकच्या केंद्रात एकटा कंट्रोलर दोन पोझिशन सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, देखभालीमुळे मुख्य फोन बंद होते आणि अलार्मची यंत्रणाही पूर्ण चालत नव्हती. त्यामुळे माणसं कमी म्हणून तुमची सुटी कापली जात असेल तर ते सहन करण्यात शहाणपण नाही. तारीख आणि तास लिहून थकव्याचा स्वैच्छिक रिपोर्ट द्या. सुटीत खोलीबाहेर पडा, दहा मिनिटं चाला, लांबवर बघा, पाणी प्या. फोनवर रील बघत बसणं म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणं, त्याला विश्रांती धरू नका.

धडधडीसाठी चॅनलवर बसण्याआधी दोन मिनिटं श्वास: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला की नाडी उतरते. एवढं पुरे.

आता झोप. इथे आम्ही रेंगाळणार, कारण झोप सावरली नाही तर वरचं काहीच टिकणार नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर मेंदूचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं मंदावतं, असं मोजलं गेलंय. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने ०.०३ ची मर्यादा आहे. नाइटच्या दिवशी तुम्ही मुलाच्या शाळेसाठी सहाला उठलात आणि दुपारी झोपला नाहीत, तर रात्री अकरालाच १७ तास होतात. आणि खरी परीक्षा पुढे, पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान असते.

म्हणून नाइटच्या दिवशी दुपारी अडीच ते चार झोप ठरलेली. डोळा लागला नाही तरी अंधारात पडून राहा. रात्रीचं जेवण आठपर्यंत आणि हलकं. सावजी रस्सा ऑफच्या दिवसासाठी ठेवा. बाराच्या सुमारास थोडं खा: मूठभर फुटाणे, एखादं केळं, ताक. चहा-कॉफी दोनपर्यंतच. कॅफीनचा अर्धा भाग पाच तासांनीही रक्तात असतो, चारला घेतलेली कॉफी सकाळी नऊला तुम्हाला झोपू देत नाही. रात्रीच्या विश्रांतीत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चांगली, पण उठल्यावर वीस मिनिटं तरी चॅनल घेऊ नका. तोंड धुवा, उजेडात चाला, गुंगी उतरू द्या.

ड्यूटी सुटल्यावर बाहेर टपरीवर तर्री-पोहे आणि कडक चहा, ही नागपुरातल्या नाइटवाल्यांची जुनी सवय. झोपेची वाट तिथेच लागते. तर्रीने छातीत जळजळ आणि चहाने डोळे टक्क. पोहे साधे खा, चहा राहू द्या. बाहेर पडताना काळा चष्मा लावा, कारण सकाळचा लख्ख उजेड मेंदूला दिवस उगवल्याचं सांगतो. डोळे जड असतील तर वर्धा रोडवर स्कूटर घालू नका. पार्किंगमध्ये किंवा विश्रांतीच्या खोलीत पंधरा मिनिटं डोळे मिटा, नाहीतर रिक्षा करा.

घरी नऊच्या आत अंथरुणात, एकला उठायचं. चारच तास. संध्याकाळपर्यंत झोपलात तर रात्र जागून निघेल आणि ऑफचा दिवस वाया जाईल. त्या रात्री दहाला झोपा. खोलीत पूर्ण अंधार हवा. खिडकीला जाड काळं कापड किंवा पुठ्ठा लावा. आत्ता ऑक्टोबर हीटमध्ये कूलर चालेल, पण मागची खिडकी उघडी आणि समोरून हवा बाहेर जायला फट हवी, नाहीतर खोली दमट होऊन घामाने जाग येते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, टाकी चार-पाच तासांत रिकामी होते, म्हणून नाइटला निघताना कुणालातरी सकाळी भरून ठेवायला सांगा. पंप कोरडा पडला की घरघर बदलते आणि त्या बदलानेच झोपमोड होते. एकसुरी घरघर उलट चांगली, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्न ती झाकते. पावसाळ्यात कूलर बंद ठेवून पंखा किंवा पंचवीस-सव्वीसवर एसी. फोन सायलेंटवर, एकच नंबर चालू, डोअरबेलचं बटन बंद.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर पडून तळमळू नका. उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत जा. अलार्म कानात वाजायला लागला तर वहीत चार ओळी लिहा: काय ऐकू आलं, आत्ता मी कुठे आहे, किती वाजलेत. मग वही मिटा.

दुपारनंतर लगेच सकाळची पाळी येते त्या रात्री मात्र झोप कमीच मिळणार, ते मान्य करा. घरी आल्यावर जेवण, आंघोळ, साडेदहाला दिवा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी करून आल्यावर तासभर झोपून भरपाई करा.

सासूबाईंशी बोलायला हवं, आणि ते तुमच्या नवऱ्याने तुमच्या शेजारी बसून बोलायला हवं, तुम्ही एकटीने नाही. भांडणाच्या वेळी नको, ऑफच्या संध्याकाळी चहा घेताना. ‘मला त्रास होतो’ याने सुरुवात केली की ते रुसवा-फुगवा वाटतं. कामाची गोष्ट म्हणून सांगा: “आई, माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. पहाटे तीनला माझ्या हातात दोन-चारशे माणसांची विमानं असतात. नऊ ते एक मी झोपले नाही तर पुढच्या पाळीला डोळे उघडे राहणार नाहीत.” महिन्याचं रोस्टर फ्रिजवर लावा आणि झोपेचे तास रंगवून ठेवा. त्या तासांत दार कोण उघडणार, गॅसवाला आला तर कोण बघणार, मुलाला शाळेतून कोण आणणार, हे नावासकट लिहा. ज्येष्ठ माणसांना नेमकं काम सांगितलेलं आवडतं, मोघम तक्रार आवडत नाही. मुलाला सांगा, ‘सूर्य मोठा असताना आई झोपते, एकला उठली की आपण खेळू.’ आणि एकला उठल्यावर पहिला अर्धा तास खरंच त्याचा ठेवा, ओटा नंतर. ओरडणं बरंचसं अर्धवट झोपेतून येतंय. झोप वाढली की त्यातलं पुष्कळ आपोआप कमी होईल.

झोपेची गोळी सहकाऱ्याकडून अजिबात घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळीचा अर्धा अंश अकरा-बारा तासांनीही अंगात असतो. म्हणजे सकाळी घेतलेली गोळी रात्रीच्या हेडसेटमागे तुमच्यासोबत बसते, सवय लागते ती वेगळी. सर्दीची सेटिरिझिनसारखी औषधंही गुंगी आणतात. कोणतंही औषध घेताना डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही शिफ्टमध्ये काम करणारी लायसन्सधारक कंट्रोलर आहात.

डॉक्टरकडे जायचंच. प्रसंग पुन्हा पुन्हा कानात-डोळ्यांसमोर येणं, आवाजाने दचकणं, झोप उडणं, चिडचिड, हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं की ते ‘होईल कमी’ म्हणून सोडायचं नसतं. तुम्हाला चार महिने उलटून गेलेत. मिहानमधलं एम्स तुमच्या कामाच्या जागेपासून जवळ आहे, मेडिकल कॉलेजमध्येही मानसोपचार विभाग आहे. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. अशा त्रासावर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडतात. ते साधारण आठ ते बारा सत्रांचे असतात आणि गोळी लागेलच असं नाही.

मेडिकल जाईल का? तुमच्या क्लास ३ मेडिकलचे निकष ज्यावर बेतलेत त्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या अॅनेक्स १ (परिशिष्ट १) मध्ये मानसिक आजाराचं नाव आलं की लायसन्स रद्द, असं कुठेही लिहिलेलं नाही. नैराश्यावर औषध घेणाऱ्यालाही, सगळी माहिती समोर ठेवून मेडिकल असेसरचं समाधान झालं तर फिट ठरवता येतं. काही काळ तात्पुरतं अनफिट ठरवलं जाईल, हे शक्य आहे, ते आम्ही लपवत नाही. पण त्याच अॅनेक्समध्ये असंही आहे की आपली तब्येत कामाला योग्य नाही हे कळत असताना लायसन्स वापरायचं नाही. लपवलेला आजार दुसऱ्या घटनेच्या चौकशीत निघाला तर बाजू मांडायलाही जागा उरत नाही. उपचार सुरू केल्यावर डॉक्टरांकडून लेखी घ्या: निदान काय, उपचार काय, औषध असेल तर कोणतं आणि गुंगी येते का, रात्रपाळी चालेल का. तो कागद घेऊन स्वतःहून मेडिकल एक्झामिनरकडे जा.

आणि ज्या पाळीला छाती खरंच ताब्यात नसेल त्या पाळीला डब्ल्यूएसओंना “आज मला चॅनल नको” म्हणा. हे म्हणणं कामचुकारपणा नाही, लायसन्सच्या अटींचाच भाग आहे. युनिटमध्ये विश्वासाचा एक सहकारी निवडा, ज्याच्यावर अशी वेळ येऊन गेली असेल तर उत्तम. युरोपातल्या अनेक कंट्रोल सेंटरमध्ये यासाठी प्रशिक्षित सहकारी नेमलेले असतात. मात्र ‘सगळं सविस्तर सांगून टाक म्हणजे मोकळी होशील’ असा आग्रह कुणी धरला तर नकार द्या. एका बैठकीत जबरदस्तीने बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच सांगा.

राहिली बदली. आत्ता मागू नका. कंट्रोलरचं रेटिंग त्या-त्या ठिकाणाचं असतं. नव्या युनिटमध्ये गेलात की नवी हवाई हद्द, नवे फिक्स (मार्गांवरचे ठरलेले बिंदू), शेजारच्या केंद्रांशी नवे करार, पुन्हा प्रशिक्षणार्थी म्हणून चॅनल, पुन्हा परीक्षा. थकलेल्या, घाबरलेल्या अवस्थेत हे ओझं घेतलंत तर अपयशाची शक्यता वाढते आणि घर हलवण्याचा ताण वर. उपचारात थोडा वेळ पोझिशनपासून दूर राहायचं असेल तर युनिटमध्येच ब्रीफिंग, ट्रेनिंग किंवा सेफ्टीचं काम काही आठवड्यांसाठी मागा.

काळ तुमच्या बाजूने आहे. आता हिवाळा येतोय. धुक्यामुळे उत्तरेकडची विमानं उशिरा येतील, कधी इकडे वळवलीही जातील, पण तुमची भीती ज्या ढगांत रुतलीय ते सहसा फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीपर्यंत येत नाहीत. हे चार महिने झोप, उपचार आणि ती ठरलेली फेरी यांना द्या. ट्रेनिंग विभागाकडे आत्ताच अर्ज करून फेब्रुवारीत सिम्युलेटरवर डेव्हिएशनचे चार सराव मागून ठेवा: पहिल्यात दोन विमानं वळवणारी, शेवटच्यात पाच, आणि प्रत्येकात वैमानिकाची भूमिका करणाऱ्याने एखादी रीडबॅक मुद्दाम चुकीची द्यायची, केव्हा ते तुम्हाला न सांगता. एप्रिलमधल्या पहिल्या दोन-तीन ढगाळ दुपारी ओजेटीआयला, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला, शेजारी बसायला सांगा. बदलीचा अर्ज त्यानंतरही करावासा वाटला, तर मे संपल्यावर करा.